शेजाऱ्याचे गाढव

मराठी माणूस चूक मराठीत करतो आणि कबूल इंग्रजीत करतो. 'माझं चुकलं' हे दोन शब्द उच्चारताना भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते. पण 'सॉरी हं, बाय मिस्टेक झालं' हे वाक्य गालात सुपारीचे खांड ठेवूनसुद्धा सहज म्हणता येते. बँकेच्या काउंटरमागे वीसेक वर्षे काढल्यावर मी छातीठोकपणे सांगू शकतो, की 'बाय मिस्टेक' हे शब्द आमच्या शाखेत दिवसातून जितक्या वेळा ऐकू येतात तितके लंडनच्या बँकेतही येत नसतील. जानेवारीत चेकवर गेल्या वर्षाची तारीख पडते ती बाय मिस्टेक. सही भलत्याच वळणाची होते ती बाय मिस्टेक. खात्यात दमडी नसताना पन्नास हजारांचा चेक फाडला जातो, तोही बाय मिस्टेक. एका गृहस्थांनी तर काउंटरवरचे दोरीने बांधलेले आमचे बॉलपेन खिशाला लावले आणि ते निघाले. दोन पावलांवर दोरीने त्यांना मागे खेचले, तेव्हा पेनाकडे अनोळखी नजरेने पाहत म्हणाले, "बाय मिस्टेक हं!"

या 'बाय मिस्टेक'चा एक सख्खा भाऊ आहे, 'बाय ॲक्सिडेंट'. पण त्याचे आपल्याकडे फारसे जाणेयेणे नाही. ॲक्सिडेंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हायवे, ट्रक आणि पोलिसांचा पंचनामा येतो. 'बाय ॲक्सिडेंट तुमच्या शर्टावर चहा सांडला' असे कुणाला सांगितले, तर तो आधी टाके किती पडले ते विचारील. म्हणून आपण दोन्ही भावांचे काम एकाच भावाकडून करून घेतो.

त्यात आपला मराठी 'चुकून' हा शब्द म्हणजे एकत्र कुटुंबातली मोठी चादर. जो येईल तो तिच्यात पाय पसरतो. 'चुकून तुमची छत्री नेली' हेही चुकून, आणि 'चुकून तुमच्या पायावर पाय पडला' हेही चुकून. चुकूनमाकून एखादा शहाणा भेटतो आणि एखादा जावई चुकूनसुद्धा सासुरवाडीकडे फिरकत नाही. एवढी मंडळी एका चादरीखाली झोपल्यावर कुणाचा पाय कुठला, हे सकाळी कुणी शोधायचे?

इंग्रजांनी मात्र या दोन भावांची चूल वेगळी ठेवली आहे. का बरे? दोन्ही 'मुद्दाम नव्हे' असेच सांगतात, मग दोन शब्दांचा खर्च कशाला? मी आमच्या शाखेत विचारून पाहिले. एक साहेब म्हणाले, "क्लार्ककडून होते ती मिस्टेक आणि ऑफिसरच्या हातून होतो तो ॲक्सिडेंट." त्यापेक्षा आमच्या शिपायाचे उत्तर मला अधिक पटले. तो म्हणाला, "मिस्टेकला मेमो मिळतो आणि ॲक्सिडेंटला रजा."

या प्रश्नाचे रीतसर उत्तर मिळाले ते एका गाढवाकडून. म्हणजे गाढवाच्या गोष्टीतून. ही गोष्ट सांगणारा माणूस मात्र अगदी उलट जातीचा होता. जॉन लँगशॉ ऑस्टिन हा ऑक्सफर्डमध्ये नीतिशास्त्राचा प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला. १९५६ साली लंडनच्या ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे त्याने अध्यक्षीय भाषण केले आणि त्याचा विषय होता सबबी! 'अ प्ली फॉर एक्स्क्यूजेस' असे त्या भाषणाचे नाव. (आपल्याकडचे अध्यक्ष सबबींवर भाषण करीत नाहीत, सबबीच सांगतात.) त्याचे म्हणणे असे, की रोजच्या बोलण्यातले शब्द फुकटचे नसतात. दोन शब्द शेजारी शेजारी टिकून राहिले असतील, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांना त्यांच्यात काहीतरी फरक जाणवलेला असतो. तेव्हा तत्त्वज्ञाने आकाशाकडे बघत बसण्यापेक्षा आधी डिक्शनरी उघडावी, अगदी पहिल्या पानापासून वाचावी.

आता ते गाढव. ते त्या भाषणाच्या तळटीपेत सापडते. आम्हा बँकवाल्यांना याचे नवल नाही. कर्जाच्या जाहिरातीतही खरी गोष्ट तळटीपेतच असते.

समजा, तुमचे एक गाढव आहे आणि माझे एक. दोन्ही एकाच माळावर चरतात. एके दिवशी मला माझ्या गाढवाचा वीट येतो आणि मी बंदूक घेऊन निघतो. (गाढवाचा वीट येण्याचे कारण ऑस्टिनने दिलेले नाही, पण नोकरदार माणसाला ते सांगावे लागत नाही.) मी नेम धरतो, गोळी झाडतो, गाढव जागच्या जागी कोसळते. जवळ जाऊन पाहतो तर काय, ते तुमचे! आता तुमच्या दारात येऊन मी काय म्हणू? 'बाय मिस्टेक' की 'बाय ॲक्सिडेंट'?

पुन्हा समजा, मी तसाच निघालो. या वेळी माझे गाढव नीट ओळखले, त्याच्यावरच नेम धरला. पण चाप ओढायला आणि दोन्ही गाढवे हलायला एकच गाठ पडली. माझे गेले बाजूला आणि तुमचे आले गोळीपुढे. पुन्हा तुमचे दार आणि पुन्हा मी. आता काय म्हणू?

पहिली मिस्टेक, दुसरा ॲक्सिडेंट. पहिल्या वेळी नेम बिनचूक होता, गाढव चुकले. दुसऱ्या वेळी गाढव बिनचूक होते, नेम चुकला. मिस्टेकमध्ये हात ठरल्याप्रमाणे काम करतो, डोक्यातली समजूत तेवढी खोटी असते. ॲक्सिडेंटमध्ये समजूत खरी असते, पण हात किंवा जग ऐन वेळी दगा देते.

एकदा हा चष्मा लावला, की जिकडेतिकडे गाढवे दिसू लागतात. घरातला एखादा हौशी पुरुष साखर म्हणून चहात मीठ घालतो, ती मिस्टेक. त्याच्या हातून बरणी निसटते, तो ॲक्सिडेंट. मोबाइलमध्ये दोन सुरेश आहेत आणि दूधवाल्या सुरेशचे पैसे साडूच्या सुरेशला गेले, तर ती मिस्टेक. बरोबर सुरेश माहीत असून बस उसळल्यामुळे बोट भलत्यावर पडले, तर तो ॲक्सिडेंट. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत एक सोय करायला सांगितले होते : आरटीजीएस किंवा एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी ते ज्याला जायचे त्याचे नाव ग्राहकाला दिसावे. म्हणजे थोडक्यात, गोळी झाडण्यापूर्वी गाढवाचे तोंड दाखवण्याची सोय.

कायद्याला हा फरक ऑस्टिनच्या किती तरी आधी ठाऊक होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत एक माणूस कुऱ्हाडीने काम करत असतो. पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी उभा असलेला मरतो. तो ॲक्सिडेंट. त्याच पुस्तकात कोर्टाचा एक अंमलदार 'वाय'ला पकडायला जातो आणि चौकशी करूनसुद्धा 'झेड'ला 'वाय' समजून पकडून आणतो. ती मिस्टेक. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदलले. पण दोन भावांच्या खोल्या तिथेही वेगळ्याच आहेत. आणि दोन्ही खोल्यांच्या दारावर पहारेकरी एकच. तो विचारतो, "योग्य ती काळजी घेतली होती का?" नुसते 'बाय मिस्टेक' म्हणून आत सोडत नाहीत.

ऑस्टिननेही सबबीला मर्यादा घातली आहे. अंधारात लक्ष नव्हते म्हणून गोगलगायीवर पाय पडला, तर ती सबब चालेल. तान्ह्या मुलावर पाय पडला तर तीच सबब चालणार नाही. शब्द तेच, पण पायाखाली काय होते त्यावर त्यांची किंमत ठरते. आपल्याकडे बरेच जण आपल्या पायाखालची प्रत्येक गोष्ट गोगलगायच होती, असे धरून चालतात.

आम्हा कॉमर्सवाल्यांना कॉलेजात एररचे सगळे गोत्र पाठ करावे लागते. नोंद राहून गेली तर एरर ऑफ ओमिशन, चुकीची झाली तर कमिशन. (हे दुसरे कमिशन बरे का!) आकड्यांची उलटापालट झाली तर दोन्ही बाजूंच्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. ७२ च्या जागी २७ लिहिले, फरक ४५. नऊने भाग गेला की जुना क्लार्क मान न वर करता सांगे, "कुणीतरी आकडे फिरवलेत, शोधा." पण सर्वांत पाजी जात म्हणजे कॉम्पेन्सेटिंग एरर. एका चुकीने शंभर रुपये कमी लागतात, दुसऱ्या चुकीने शंभर जास्त. बेरजा जुळतात, सगळे खुशीत घरी जातात आणि दोन्ही चुका दप्तरात सुखाने संसार करतात. ॲक्सिडेंटचा मात्र कॉमर्सच्या पुस्तकात धडा नाही. ते खाते इन्शुरन्सवाल्यांकडे.

तुम्ही म्हणाल, शब्दांचा हा कीस काढून फायदा काय? गाढव तर दोन्ही वेळा मेलेच. मलाही बराच काळ असेच वाटत असे. पण एका जानेवारीत आमच्या शाखेत एक गुरुजी आले.

पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपणास ठाऊक असेलच. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यायचे. घरच्यांना ते रोज पटवावे लागते, ते वेगळे. या गुरुजींनी नोव्हेंबरात स्वतः येऊन दाखला दिला होता. तरी डिसेंबरचे पेन्शन जमा झाले नाही. पेन्शनच्या टेबलावर एक नवीन लागलेला मुलगा होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिले, त्याचा चेहरा पडला आणि तो म्हणाला, "सॉरी सर, बाय मिस्टेक झालंय. एक नवीन दाखला देता का? लगेच करून टाकतो."

गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. त्यांनी खुर्ची ओढली, छत्री टेबलाला टेकवली आणि शांतपणे विचारले, "बाय मिस्टेक म्हणजे नक्की काय रे बाळ? माझा कागद हरवला, की मीच हरवलो?"

मी शेजारच्या टेबलावर होतो. माझी बेरीज थांबली. पोराची पंचाईत मला दिसत होती. 'कागद फायलीतून निसटून कपाटामागे पडला' असे म्हणणे किती सोपे होते! कागद काय, पडतो. पंखा असतो, वारा असतो. कुणाच्या मनाला लागले नसते. गुरुजी नवीन दाखला देऊन दहा मिनिटांत घरी गेले असते.

पण पोरगा सरळ होता. तो म्हणाला, "कागद आहे, सर. तुमच्याच नावाचे दुसरे एक पेन्शनर डिसेंबरात वारले. ते तुम्हीच असं समजून तुमच्या खात्याला मयत नोंद पडली. मी नाव बघितलं, खाते नंबर ताडून बघितला नाही."

गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मी मेल्याचं निदान मला तरी कळवायचं रे!" आजूबाजूला हशा पिकला; पण गुरुजी हसत नव्हते. चाळीस वर्षे हजेरी घेतलेला माणूस. दोन मुले एकाच नावाची असली, तरी त्याला प्रत्येकाचा चेहरा ठाऊक असणार. कागद हरवल्याचा त्यांना राग आला असता. हे जे झाले त्याचे त्यांना वाईट वाटले होते. कारण पडलेल्या कागदाला कुणी पडताना पाहिले नव्हते. पण नोंद करताना त्यांच्या खात्याकडे पाहून, ते कोण हे न पाहता, कुणीतरी बटण दाबले होते.

मग एकदम त्यांनी विचारले, "आणि ते दुसरे? जे खरोखरच गेले, त्यांचं काय केलंत?"

पोराने ते खाते उघडले आणि आम्ही दोघेही उभे राहिलो. ते गृहस्थ आमच्या दप्तरी ठणठणीत जिवंत होते. डिसेंबरचे पूर्ण पेन्शन त्यांच्या आणि पत्नीच्या जॉइंट खात्यात जमा झाले होते. एक जिवंत मेलेला, एक मेलेला जिवंत. पेन्शनरांची बेरीज तंतोतंत जुळत होती! कॉम्पेन्सेटिंग एररचे इतके शुद्ध उदाहरण मला कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकात मिळाले नव्हते. त्या बाईंना फोन लावला. त्यांचा समज असा, की मृत्यूचा दाखला बँकेत दिला, तेव्हा हे आले ते फॅमिली पेन्शन. त्यांनी ते खर्चायला सुरुवातही केली होती. फॅमिली पेन्शन पूर्ण पेन्शनपेक्षा कमी असते. फरक कुणाच्या लक्षात यायला सहा महिने लागले असते, तर सहा महिन्यांची जादा रक्कम त्या एकट्या बाईकडून वसूल झाली असती. १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते, की चुकून मिळालेले पैसे ज्याचे त्याला परत केले पाहिजेत. तिथे मिस्टेक आमची असली तरी परतफेड त्यांची.

गुरुजी म्हणाले, "आधी त्यांचं नीट करा. मी काय, उद्यापर्यंत मेलेला राहीन."

त्या दिवशी मला ऑस्टिनचे गाढव समजले. 'कागद पडला' ही सबब चालून गेली असती, तर गुरुजींचे काम झाले असते आणि दुसरी चूक तशीच दप्तरात झोपून राहिली असती. अपघाताची दुरुस्ती जिथे घडला तिथेच करायची असते : कागद उचला, नवीन लावा, फाइलला टॅग बांधा. समजुतीच्या चुकीला मात्र दुसरे टोक असते. 'झेड'ला 'वाय' समजून पकडला, तर खरा 'वाय' कुठेतरी मोकळा हिंडतच असतो. तो शोधायचा, तर आधी 'मी याला तो समजलो' हे उच्चारावे लागते.

आणि शेजाऱ्यालाही ते कळायला हवे. त्याचे एक गाढव गेले, पण दुसरे अजून माळावर चरते आहे. मी 'बाय ॲक्सिडेंट' म्हणालो, तर तो मध्ये कुंपण घालील. 'बाय मिस्टेक' म्हणालो, तर गाढवाच्या गळ्यात लाल चिंधी बांधील. मी भलताच शब्द वापरला, तर तो बिचारा खर्च करून कुंपण घालील आणि मी कुंपणावरून नेम धरून त्याचे दुसरे गाढव मारीन. सबब ही मारणाऱ्याच्या सोयीची वस्तू असे आपण समजतो. खरे म्हणजे ती ज्याचे गाढव मेले त्याचा हक्क आहे. त्याला पुढचा बंदोबस्त तिच्यावरून करायचा असतो. 'बाय मिस्टेक झालं' म्हणजे विषय संपला, असे आपण धरतो. खरे तर तिथून त्याची चौकशी सुरू व्हायला हवी.

तेव्हा आता इंग्रजी शिकून घ्यायचे का? मुळीच नाही. त्या पोराने गुरुजींना काय सांगितले ते आठवा : 'ते तुम्हीच असं समजून'. हा 'समजून' आमचा घरचा आहे. साखर समजून मीठ घातले, आपली समजून छत्री नेली. आणि दुसऱ्या भावासाठी 'सुटून' आहेच. हातून सुटून बरणी फुटली, दांड्यातून सुटून पाते उडाले. तेव्हा कुणी 'चुकून' म्हणाला, की त्या मोठ्या चादरीचे टोक उचलून एवढेच विचारायचे : "समजून की सुटून?"

मी हल्ली काउंटरवर हा प्रयोग करतो. परवा एक तगडे गृहस्थ, अकरा माणसांची रांग डावलून, थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मागून आरडाओरडा झाला, तशी त्यांनी ठरलेले वाक्य टाकले, "सॉरी साहेब, बाय मिस्टेक पुढे आलो."

मी विचारले, "समजून की सुटून?"

त्यांनी जरा विचार केला. गडी प्रामाणिक निघाला. म्हणाला, "समजून. काउंटरवर कोणीतरी नवीन माणूस असेल असं समजून."

म्हणजे ती खरोखरच मिस्टेक होती! मी त्यांना सन्मानाने बाराव्या नंबरावर पाठवले.